पुढच्या चाकातून घर्रघर्र येतंय? मेस्त्रीकडे जायच्या आधी एवढं बघा

ऑगस्ट लागला की आमच्या देवगडात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, बोटी आणि गाड्यांची दुखणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे मासळी वाहणाऱ्या पिकअप त्या दिवसांत बऱ्याचशा खळ्यात, म्हणजे अंगणात, नाहीतर माडाखाली उभ्या असतात, वर पाऊस, खाली चिखल, समोरून खारा वारा. आणि मग एक दिवस अचानक बॅटरी चार्ज करून, टायरात हवा भरून गाडी थेट बंदरावर. आतेभावाची पिकअप अशीच बाहेर काढली आणि पुढून आवाज यायला लागला, जात्यात खडा अडकल्यावर येतो तसा, घर्रर्र घर्रर्र.

आता पहिल्या दिवशी आवाज आला तर घाबरायचं कारण नाही हे आधी सांगतो, कारण दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतं. ब्रेकची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, साध्या बिडाची असते, तिला रंग नाही की काही नाही, पावसाची एक रात्र उघड्यावर राहिली तरी सकाळी तांबूस थर चढलेला असतो. पहिले दोनचार ब्रेक मारले की डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड तो थर खरवडून काढतात, तेवढा वेळ खर्रखर्र होतं आणि मग बंद. हे नॉर्मल आहे. पण दोन महिने उभ्या गाडीचं तसं नसतं, पॅड डिस्कला जिथे टेकून राहिला होता तेवढी जागा सोडून बाकी डिस्कवर गंज खोल जातो, बारीक खड्डे पडतात, आणि पॅडच्या आकाराचा डागच उमटतो डिस्कवर. मग ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं आणि आवाज आठवडाभरही जात नाही. आमचा तोही प्रकार नव्हता, कारण आमचा आवाज ब्रेक न दाबताही येत होता.

मग सल्ले सुरू झाले. चहाच्या टपरीवर गाडीचा आवाज हा विषय निघाला की प्रत्येकजण डॉक्टर. एक म्हणाला बेअरिंग, दुसरा म्हणाला गिअरबॉक्स, एकाने तर छातीठोकपणे सीव्ही जॉइंट (इंजिनाचा जोर पुढच्या चाकाला नेणारा सांधा) सांगितला, आता ही पिकअप मागच्या चाकांवर चालते, पुढच्या चाकांना इंजिनकडून काही जातच नाही, तिथे सीव्ही जॉइंट आणायचा कुठून? आतेभाऊ मात्र ठाम, "बेअरिंगच गेला असतला, दुसरा काय?" आणि मेस्त्रींनी पण तेच सांगितलं. चाकाच्या रिमच्या भोकातून बॅटरी (टॉर्च) मारून बघितलं आणि म्हणाले, "पॅड आसत अजून, बेअरिंग बदलूक व्हया."

माझं म्हणणं एवढंच होतं की आवाज कुठून येतो हे विचारायच्या आधी तो कधी येतो हे विचारा. कुठून हे कानाला नीट कळतच नाही, लोखंडी चासीतून आवाज इकडचा तिकडे जातो, ड्रायव्हरला डावीकडून वाटलेला उजवीकडून निघतो. पण कधी येतो, कधी वाढतो, कधी थांबतो, हे गाडी चालवता चालवता कोणालाही कळतं, त्याला गॅरेज लागत नाही की पाना लागत नाही. आणि मेस्त्रीकडे "आवाज येतो" एवढंच सांगत गेलात तर मेस्त्री अंदाजाने सुरुवात करणार, त्यात त्याची काही चूक नाही, त्याच्या दारात चार गाड्या आणखी उभ्या असतात.

पहिला प्रश्न, आवाज इंजिनाचा की चाकाचा. गाडी उभी, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि रेस द्या. उभ्या गाडीत रेसबरोबर आवाज वाढला तर चाकं सोडून द्या, तो अल्टरनेटर असेल, वॉटर पंपाचं बेअरिंग असेल, बेल्टचा टेन्शनर असेल, स्टिअरिंग पंप असेल. स्टिअरिंग पंपाचा असेल तर उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवलं की लगेच कण्हायला लागतो. मग सपाट मोकळ्या रस्त्यावर (घाटात नाही हां, सपाट म्हणजे सपाट) गाडी चाळीसच्या आसपास नेऊन क्लच दाबा, आरपीएम खाली येऊ द्या. आवाज गाडीच्या वेगाबरोबर राहिला, इंजिनाबरोबर खाली आला नाही, तर तो फिरणाऱ्या चाकाचा, नाहीतर चाकाला जोडलेल्या कशाचा तरी आहे. आमचा वेगाबरोबर राहिला. म्हणजे अर्धे सल्ले तिथेच बाद.

दुसरा प्रश्न ब्रेकचा, आणि इथे बरेच लोक घाई करतात. ब्रेक दाबल्यावरच आवाज येत असेल तर ब्रेक, हे सगळ्यांना कळतं. पण ब्रेक न दाबताही येतोय म्हणजे ब्रेक नाही, असं नाही. हलका ब्रेक दाबून बघायचा, जोरात नाही, पेडलवर नुसता पाय टेकल्यासारखा. आवाज बदलला, बारीक झाला, जाड झाला, थांबला, काहीही झालं तरी संशय ब्रेककडेच जातो. बेअरिंगला तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलात की नाही याचं फारसं काही पडलेलं नसतं. आमचा आवाज हलक्या ब्रेकला जाडा व्हायचा. मी तिथेच आतेभावाला म्हटलं की बेअरिंगवर पैसे घालायच्या आधी थांब.

तिसरं वळणं. गाडी डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकांवर जातं, उजवीकडे वळवली की डाव्या. बेअरिंग गेलेलं असेल तर ज्या चाकावर वजन पडतं तिथला आवाज वाढतो. यासाठी सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा रस्ता बेस्ट, दोन्ही बाजूला कातळ, समोरचं लांबवर दिसतं, गाड्या कमी. चाळीस-पन्नासच्या वेगात हळूच डावीउजवीकडे सर्पासारखी नव्हे, अगदी लेन बदलल्यासारखी गाडी न्यायची आणि ऐकायचं. बेअरिंगचा आवाज मुळात घर्रपेक्षा घुंऽऽ असा असतो, वेग वाढला की सूर चढतो, फारच वाया गेलं असेल तर मग खडखड. आणि इथे अजून एक फसवणारी गोष्ट आहे, टायर. अलाइनमेंट गेलेली गाडी टायर एका बाजूने खाते, नाहीतर शॉक अॅबसॉर्बर मेलेले असले की टायरवर खड्डे खड्डे पडतात, आणि असा टायर हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. टायरवरून हात फिरवा, एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवत लागते असं असेल तर आधी पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज मागे गेला की बेअरिंगचे पैसे वाचले. आमच्या गाडीला वळवून काही फरक पडला नाही, ना डावीकडे ना उजवीकडे.

कुठल्या बाजूचा हे शोधायला मला आवडणारी युक्ती सांगतो, याला खर्च शून्य. आपल्याकडे वाडीतल्या रस्त्याला दोन्हीकडे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती असतात ना, जांभ्याच्या चिऱ्याच्या, त्या गडग्याला धरून, काच खाली करून, दहा-पंधराच्या वेगात गाडी न्यायची. गडग्यावर आपटून आवाज परत येतो. एकदा डावी बाजू गडग्याकडे, मग गाडी वळवून आणायची आणि उजवी बाजू त्याच गडग्याकडे. ज्या खेपेला आवाज कानात एकदम मोठा आणि स्वच्छ येतो ती बाजू. क्लीनर बाजूला कोणीतरी बसवा, ड्रायव्हरला लांबच्या बाजूचं नीट कळत नाही. आमचं डावं चाक. याच वेळी गाडीबरोबर कोणी चालत गेलं तर आणखी एक कळतं, आवाज सलग आहे की चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा येतोय. प्रत्येक फेरीला एकदाच शिवून जात असेल तर काहीतरी वाकडं आहे, डिस्क किंवा डिस्कमागचा पत्रा.

मग हाताने उष्णता बघणं. पंधरा-वीस मिनिटं चालवा, शक्यतो ब्रेक कमी वापरून, थांबताना पण गिअरवर वेग मारत थांबा. उतरून चारही चाकांजवळ हात न्या, चिकटवू नका, जवळ न्या फक्त. आमचं उजवं कोमट आणि डाव्याच्या जवळ हात नेववत नाही, वर जळकट वास. आता बेअरिंग पण तापतं, पण चाक हाताला भाजेपर्यंत तापत असेल तर बहुतेक वेळा ब्रेक सुटतच नाहीये. आणि अशा तापलेल्या डिस्कवर पाणी मारायची सवय असेल तर ती सोडा, घाट उतरून आल्यावर बादलीभर पाणी मारणारे ड्रायव्हर मी खूप बघितलेत. गरम बिडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होते, कधी चीर पण जाते. आपोआप गार होऊ द्या, तोवर चहा प्या.

एवढं झाल्यावर मग जॅक. इथे एक कळकळीची विनंती, जॅक लावून गाडीखाली चिरा ठेवू नका. कोकणात घराघरात चिरे पडलेले असतात म्हणून तोच हाताशी येतो, पण जांभा सच्छिद्र दगड आहे, भिंतीत वजन पसरून येतं तिथे तो चांगला, गाडीच्या एक्सलखाली एका टोकावर वजन आलं की बसता बसता फुटतो, भिजलेला असला तर जास्तच. जॅक स्टँड नाहीतर जाडजूड लाकडाचा ठोकळा, आणि मागच्या चाकांना पुढून मागून दगड. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर डोकं घालायचं नाही.

चाक अधांतरी झालं की घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. टकटक प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट (ज्यावर चाक वळतं तो सांधा), त्याजागी किंगपिन असलेली गाडी असेल तर किंगपिन. यातलं कुठलं हे ओळखायला कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, कारण आता हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) आणि नकल (त्याला धरणारा न फिरणारा भाग) ब्रेकने एकत्र धरलेत, ब्रेक दाबूनही प्ले तसाच राहिला तर तो पलीकडचा, बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा, तिथला प्ले बहुतेक टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा. शेवटी चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात नकलवर ठेवा, बेअरिंगचे रोलर खराब झाले असतील तर कानाला कळायच्या आधी तळहाताला खरखर कळते.

आमच्या डाव्या चाकाला प्ले काहीच नाही. पण ते फिरायलाच तयार नाही. उजवं एकदा ढकललं की निवांत फिरतं, डावं अर्ध्या फेरीत अडतं. मी मेस्त्रींना विचारलं, "मेस्त्रीनु, आतलो पॅड बघलात काय?" तर म्हणाले, "आतलो खंय दिसता, चाक काढूक व्हया." काढलं.

बाहेरचा पॅड खरंच चांगला होता, जवळजवळ अर्धा शिल्लक. आतल्या पॅडवर मसाला (डिस्कवर घासणारा थर) नावालाही नाही, नुसती लोखंडी पाटी, आणि ती पाटी डिस्कवर घासून डिस्कच्या आतल्या तोंडावर खोल रेघा. हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच पिकअपना पुढे जो कॅलिपर (पॅड धरून दाबणारा चिमटा) असतो त्याला पिस्टन फक्त आतल्या बाजूने असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि मग सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. त्या पिना सरकल्या तरच दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिना गंजून अडकल्या की कॅलिपर जागचा हलत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर येतं, आणि ब्रेक सोडल्यावर तो पॅड मागे सरकायला जागा पण राहत नाही. म्हणजे बाहेरून बॅटरी मारून बघणाऱ्याला नेहमी चांगलाच पॅड दिसणार. म्हणून माझं म्हणणं, पिकअप समुद्राकाठी चालत असेल तर रिमच्या भोकातून बघितलेला पॅड हा बघितलेला धरायचाच नाही.

काही पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला लागून चींऽऽ करून सांगते. सगळ्या पॅडना ती नसते, आणि असली तरी मासळीच्या गाडीत टेप लावून, काच खाली करून, वाऱ्यात कोण ऐकतंय. घर्रर्र ऐकू येतं तेव्हा चींऽऽची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. दुसरी खूण जास्त भरवशाची, ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागे ऑइल भरतं आणि डबीत पातळी खाली जाते. पातळी उतरली म्हणून नुसतं ऑइल ओतून झाकण लावू नका, आधी पॅड बघा, मग कुठे गळतंय का ते बघा.

आता हे सगळं आमच्याच भागात एवढं का होतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो हे एक, पण नुसत्या पावसाने एवढं होत नाही, खरं काम मीठ करतं. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंज चढणं ही शेवटी विजेचीच भानगड आहे, त्यामुळे गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात लोखंड कितीतरी भराभर जातं. वर मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी सुकली असं वाटतं पण पिनेच्या रबराखाली, पॅडच्या क्लिपखाली ओल तशीच. आणि गंज हा लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. पॅड ज्या खाचेत सरकतो तिथल्या स्टीलच्या क्लिपखाली गंज फुगला की क्लिप वर उचलली जाते आणि पॅड खाचेत आवळला जातो. पिना अगदी चांगल्या असल्या तरी मग पॅड अडकतो. बंदरावर धक्क्याच्या उतारावर रिव्हर्स घेतलेली गाडी, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीत चढताना ओल्या रॅम्पवरून गेलेली गाडी, मासळीच्या क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारट पाणी, सगळं शेवटी तिथेच जाऊन बसतं. यावर जगातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे संध्याकाळी बावडीच्या गोड्या पाण्याने चाकांच्या आतून, खालून गाडी धुणं. प्रेशर वॉशर वापरत असाल तर हबच्या ऑइल सीलवर आणि पिनांच्या रबरावर थेट नळी रोखू नका, जिथे पाणी जायला नको तिथेच ते जोराने घुसतं.

काम काय केलं ते सांगतो. पिना बाहेर काढायलाच निम्मा वेळ गेला. एक पिन पॉलिश पेपरने साफ होऊन वाचली, दुसरीला खड्डे पडले होते ती नवीन, रबरं दोन्ही नवीन. पिनांना लावायचं ग्रीस वेगळं असतं, ब्रेकसाठीचं, सिलिकॉनचं, जास्त तापमानाचं. डब्यातलं साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते, आणि हे गॅरेजमध्ये सर्रास होतं, समोर उभं राहून बघा. खाचांतला गंज कानशीने काढला, क्लिपा नव्या. पिस्टन हाताच्या क्लॅम्पने आत ढकलला तर तो सरळ आत गेला, म्हणजे पिस्टन ठीक. तो गेला नसता तर ब्लीडरचा (कॅलिपरमधली हवा-ऑइल बाहेर काढायचा) नट सैल करून परत बघायचं, तेव्हा गेला तर दोष ब्रेकच्या रबरी पाइपात, तो आतून सुजून ऑइल परत येऊ देत नाही, आणि तरीही गेला नाही तर पिस्टनच गंजलाय. पिस्टन ढकलायच्या आधी डबीतलं थोडं ऑइल काढून ठेवा, नाहीतर वर येऊन सांडतं आणि ब्रेक ऑइल रंग खातं.

डिस्क लेथवर टर्निंग करून घेता येते, पण तिच्यावरच कमीत कमी जाडी कोरलेली असते, टर्निंगनंतर त्याच्या खाली जात असेल तर नवीनच घ्यावी लागते. आमची त्या मापात बसत नव्हती, नवीन घेतली, आणि अर्थात जोडीने, उजवीकडची पण, पॅडचे सेट पण दोन्हीकडे. एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने पॅड ठेवून पैसे वाचवणारे भेटतात, त्यांची गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की एका बाजूला ओढते. नव्या पॅडवर मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो, तीनच्या आसपास आला की बदलायचा, आणि मोजताना आतला मोजायचा.

या गाडीला डिस्क हबला बोल्ट केलेली आहे, त्यामुळे डिस्क काढायची तर हब उतरवावंच लागतं आणि हब उतरलं की बेअरिंग आपसूक हातात येतात. ज्या बेअरिंगवर सगळ्यांचा संशय होता ती धडधाकट निघाली! टेपर रोलर बेअरिंग, आतलं एक बाहेरचं एक, रोलरवर ना निळसर डाग ना खड्डे. ग्रीस मात्र थोडं दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी शिरायला सुरुवात झालेली. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन, सुकवून, नवीन ग्रीस हाताने दाबून रोलरच्या मधे भरलं, ऑइल सील नवीन, स्प्लिट पिन नवीन. नट आवळताना चाक फिरवत आवळायचा आणि मग सैल करून कंपनीने दिलेल्या मापाला आणायचा, जोर लावून घट्ट केला की बेअरिंग तापून जळतं, सैल ठेवला की चाक डुगडुगतं. आणि बेअरिंग कधी बदलायची वेळ आलीच तर हबमधला कप (रोलर ज्यात फिरतात ते बाहेरचं कडं) पण त्याच जोडीचा नवीन घालायचा, जुन्या कपावर नवे रोलर बसवून दिलेले मी बघितलेत, ते घुमायला लागतात थोड्याच दिवसात.

सगळ्यांचंच असं निघेल असं नाही. आमच्या वाडीतच एकाच्या गाडीत डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्याच्या मधे जांभ्याची खडी अडकली होती, कच्च्या रस्त्यावर हे फार होतं, आवाज एकदम सुरू होतो आणि ऐकून वाटतं चाकच निखळतंय. गाडी रिव्हर्स-पुढे दोनचार वेळा घेतली की बहुतेक वेळा खडा पडतो, नाही पडला तर पत्रा स्क्रूड्रायव्हरने जरा वाकवून काढायचा. त्याच पत्र्याची कड गंजून डिस्कला लागत असेल तरी तसाच आवाज. फोर बाय फोर पिकअप असेल तर मात्र यादी वाढते, तिथे पुढे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) आहे, सीव्ही किंवा युनिव्हर्सल जॉइंट आहेत, जुन्या गाड्यांना हाताने फिरवायचे हब लॉक आहेत, आणि हब अर्धवट लागलेला राहिला तर तो दात घासल्यासारखा कर्रकर्र करतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना टकटकटक आलं तर जॉइंट, सरळ जाताना अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलत असेल तर डिफरन्शियलचं ऑइल बघा, त्यात पाणी शिरून दुधाळ झालेलं असू शकतं. मागची चाकं ड्रम ब्रेकची असतील आणि हँडब्रेक ओढून दोन महिने उभी ठेवलेली असतील तर लायनर ड्रमला चिकटतात, तो आवाज पण कधी कधी पुढून आल्यासारखा वाटतो. म्हणून जूनमध्ये गाडी उभी करताना हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये टाकून, चाकांना ठोकळे लावा, आणि पंधरवड्याने एकदा तरी खळ्यातल्या खळ्यात पुढेमागे हलवून ब्रेक मारा.

नवीन पॅड बसवल्यावर लगेच माल भरून फोंडा घाट चढायचा नाही हे आतेभावाला समजावणं हे सगळ्यात अवघड काम होतं, कारण कोल्हापूरची मासळी थांबणार नव्हती. मसाला डिस्कवर नीट बसायला रिकाम्या गाडीने चाळीस-पन्नासवरून मध्यम ब्रेक मारत वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे थोडं चालवून गार होऊ द्यायचं, असं बऱ्याच वेळा. पहिले थोडे दिवस जरा वास येतो, पेडल जरा वेगळं लागतं, ते चालतं. घर्र चालत नाही.

आणि घर्र माल भरलेल्या गाडीत, घाटातच सुरू झाला तर? चढणीला असाल तर जागा बघून बाजूला घ्या. उतारावर असाल तर लगेच खालचा गिअर, दुसरा, गरज पडली तर पहिला, आणि इंजिन बंद करायचं नाही, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात नाही. ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारा डबा) इंजिन चालू असताना तयार होणाऱ्या व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन बंद झालं की दोनएक ब्रेकनंतर पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग पण जड. मसाला संपून पाटी घासत असेल आणि डिस्क पण झिजलेली असेल तर पिस्टन नेहमीपेक्षा फार बाहेर आलेला असतो, तो सीलच्या बाहेर निघाला की ऑइल गळतं आणि पेडल थेट खाली जाऊ शकतं. तिथून पुढे फक्त गिअर आणि हँडब्रेक. तेव्हा "कणकवलीपर्यंत जाऊ, मग बघू" हा हिशोब करू नका, दुसऱ्या पिकअपवाल्याला फोन करा, क्रेट त्याच्या गाडीत टाका, बर्फ मारा वरून, आणि आपली गाडी टोचन करून खाली आणायची असेल तर दोरीने नाही, रॉडने, कारण ब्रेक नसलेली गाडी दोरीवर उतारात पुढच्या गाडीच्या अंगावर जाते.